पाटल्यांची पावती पर्समध्ये किती दिवस?

पत्र: मावशी, मी ३१ वर्षांची, तळेगावला राहते. मुलगी पाच वर्षांची, मुलगा १४ महिन्यांचा. धाकट्याच्या वेळी अकाउंट्सची नोकरी सोडली. नवरा चाकणला कंपनीत आहे, हातात ५४ हजार येतात. घराचा हप्ता २१ हजार, मुलांच्या नावाच्या दोन पॉलिस्या मिळून महिन्याला सहा, गावी सासऱ्यांना चार, माझी भिशी तीन. शाळेची फी वर्षाला ७८ हजार, व्हॅनचे महिन्याला १,८००. उरलेल्यात किराणा, दूध, डायपर, डॉक्टर भागत नाही. मार्चमध्ये क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि फीचा पहिला हप्ता भरायला मी माझ्या पाटल्या बँकेत ठेवून ६० हजार उचलले. नवऱ्याला सांगितलेलं नाही, पावती पर्समध्ये घेऊन फिरते. दर वेळी पैसे मागताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. काय करू? परत नोकरी धरू का?

उत्तर: अगं, तुझं पत्र वाचून आधी मी कागद-पेन घेतलं. ५४ हजारांतून हप्ता, पॉलिस्या, गावचे पैसे आणि भिशी गेली की राहतात २० हजार. फी महिन्यावर वाटली तर साडेसहा, त्यात व्हॅन. हाती उरतात ११,७००. चार माणसं, त्यातलं एक लंगोटातलं. एवढ्यात कोणाचंच भागलं नसतं, त्यामुळे ‘मला घर चालवता येत नाही’ हे आधी मनातून काढून टाक.

तू पाटल्या ठेवल्यास, त्यातही हिशोब होता. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं, सोनंतारण त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. ते मात्र तू एकटीने केलंस, आणि पावती पर्सच्या आतल्या कप्प्यात घेऊन फिरते आहेस. मुदत संपत आली की बँकेचं पत्र घरच्या पत्त्यावर येऊ शकतं. ते पत्र त्याने उघडण्याआधी त्याला तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. येत्या रविवारी, मुलं दुपारी झोपली की सांग. सुरुवात माफीने करू नकोस. पावती समोर ठेव आणि म्हण, “मार्चमध्ये आपल्याला ६० हजार कमी पडले, ते मी असे उभे केले.” ‘आपल्याला’ हा शब्द गाळू नकोस. तो चिडेल कदाचित. चिडू दे. मग हाच वरचा हिशोब त्याच्याच हाताने लिहायला लाव. बहुतेक घरांत पगार आणणाऱ्याला हप्ता ठाऊक असतो, डायपरच्या पुड्याची किंमत ठाऊक नसते.

माझी आई कालनिर्णयच्या चौकटीत दुधाचे खाडे मांडायची. पगाराच्या दिवशी वडील नोटा टेबलावर ठेवायचे आणि दोघं मिळून वाटण्या करायची: वाण्याचे, दुधवाल्याचे, भाड्याचे. आईला मी कधी पैसे मागताना पाहिलं नाही. ती कमवत नव्हती, पण वाटण्या तिच्यासमोर व्हायच्या. आता पगार थेट खात्यात जमा होतो आणि वाटण्या कुणालाच दिसत नाहीत. म्हणून ठरवून घ्या: पगार झाला त्याच दिवशी घरखर्चाची रक्कम तुझ्या खात्यात वळती व्हायची. मागणं तिथे संपतं.

आता पॉलिस्या. इथे मी जरा कडक बोलणार आहे. या दोन्ही नवऱ्याच्या आत्तेभावाने दिलेल्या, प्रत्येकी पाच लाखांच्या, असं तू पुढे लिहिलं आहेस. कर्ज अजून १९ लाखांचं आहे. उद्या तुझ्या नवऱ्याला काही झालं, तर दहा लाखांत घरसुद्धा सुटत नाही, मुलांचं शिक्षण लांबच राहिलं. नाव मुलांचं, पण मुलांना खरं संरक्षण त्यात नाही. तुम्हाला हवा आहे नवऱ्याच्या नावाचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना रक्कम देणारा विमा. पस्तिशीच्या आतल्या, तंबाखू-सिगारेट नसलेल्या माणसाला एक कोटीचं संरक्षण साधारण वर्षाला बारा ते पंधरा हजारांत मिळतं. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. फॉर्म भरताना पॉलिसी विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ खाली घ्यायला सांग, म्हणजे ती रक्कम तुझी आणि मुलांची राहते, कर्ज वसूल करायला येणाऱ्यांना तिला हात लावता येत नाही.

टर्म हातात आल्यावरच जुन्यांना हात घाला, आधी नाही. मुलीच्या पॉलिसीचे चार वर्षांचे हप्ते भरून झालेत, ती ‘पेड-अप’ करता येते का, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून भरलेल्या पैशांपुरता कमी रकमेचा विमा चालू राहतो का, ते शाखेत जाऊन विचारा. मुलाची वर्षभरापूर्वीची आहे, ती आज बंद केली तर काय हाती येईल, हे लेखी मागा. थोडं नुकसान होईल, आणि ते मान्य करावं लागेल. पुढची पंधरा वर्षं ओढत राहण्यापेक्षा ते परवडतं. आत्तेभाऊ नाराज होतील, पण त्यांच्याशी नवऱ्याने बोलावं, तू नाही.

आणि हे न विसरता बघा: पीएफचं नॉमिनेशन. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द ठरतं, आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास पीएफसोबतच्या विम्याचे सात लाखांपर्यंत मिळतात. नवं नॉमिनेशन ऑनलाइन करता येतं. त्याच दिवशी धाकट्याचं नाव कंपनीच्या मेडिक्लेममध्ये चढलंय का तेही विचारा.

मुलाच्या लसींवर खाजगी दवाखान्यात ३,८०० गेले म्हणतेस. १६ ते २४ महिन्यांदरम्यानचा त्रिगुणीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, आणि लस अगदी नीट असते. मुलीचा अबॅकसचा १,२०० रुपयांचा क्लास बंद कर. पाच वर्षांच्या पोरीने संध्याकाळी खाली खेळावं. गावच्या चार हजारांना मात्र हात लावू नका. फार तर सासऱ्यांची बीपीची औषधं जनऔषधी केंद्रातून घेता येतील का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. शाळा या वर्षी बदलू नका.

पॉलिस्यांचे सहा हजार आणि क्लासचे १,२०० सुटले, त्यातून टर्मचे महिना बाराशे गेले, तरी सहा हजार हातात राहतात. दोन हजार आरडीत टाका, दवाखान्यासाठी. बाकीचे घरात लागतीलच. मुलीचं सुकन्या खातं पोस्टात २५० रुपयांतही उघडतं, ती दहा वर्षांची होईपर्यंत कधीही. त्याची घाई नाही.

नोकरीचं विचारलं आहेस. पाळणाघराला सात-आठ हजार जाणार आणि पोर आजारी पडलं की रजा तुझीच. तो दोन वर्षांचा होईपर्यंत थांबलीस तरी चालेल. तोवर टॅली येतंच तुला, आसपासच्या एखाद-दोन दुकानदारांचं हिशोबाचं लिखाण घरी बसून करता आलं तर बघ, हात चालू राहील.

भिशी मोडू नकोस. वीस जणी, तीन-तीन हजार, म्हणजे चिठ्ठीला बरोबर ६० हजार. तुझा नंबर अजून लागलेला नाही. रविवारचं बोलणं झालं की सोमवारी भिशीच्या ताईंना गाठ आणि विचार, दिवाळीच्या आधीची पाळी कुणी बदलून देतं का. बायका देतात गं. फक्त ते पैसे हातात आले की वाटेत कुठेही न थांबता दोघांनी मिळून बँकेत जा.