वडिलांच्या हातातला चमचा

प्रश्न : माझे वडील (वय ६८) निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. सात महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकून त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. आता ते काठी टेकत ओसरीपर्यंत येतात, परंतु हाताची बोटे जेमतेम हलतात आणि काहीही विचारले तरी तोंडातून ‘नको’ एवढाच शब्द निघतो. मध्येच हुंदके देऊन रडतात. आई त्यांना भरवते, आंघोळ घालते, शर्टाची बटणे लावते आणि रात्री दोनदा उठते. मी पुण्यात नोकरी करते, शनिवारी-रविवारी घरी जाते. घरी येणारे फिजिओथेरपिस्ट आम्ही चौथ्या महिन्यात बंद केले. नातेवाईक म्हणतात की सहा महिन्यांत जे सुधारायचे ते सुधारले. कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतात. आम्ही काय करावे?
— एक वाचक, वाई

उत्तर : सहा महिन्यांची गोष्ट अर्धीच खरी आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, कारण मेंदूवरची सूज उतरते आणि शाबूत राहिलेले भाग गेलेली कामे उचलू लागतात; पुढे वेग मंदावतो, पण सराव चालू राहिला तर बोलणे आणि हाताचा वापर वर्ष-दोन वर्षांनंतरही सुधारताना दिसतो. म्हणून फिजिओथेरपी पुन्हा सुरू करा. रोज घरी बोलावणे परवडत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा व्यायाम ठरवून घ्या आणि ते घरच्या घरी रोज करून घ्या. कबुतराच्या रक्ताने काहीही होत नाही. त्या नादात गोळ्या मात्र बंद होतात, आणि मला खरी भीती त्याची वाटते.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य आईंनी भरवण्याचे आहे. त्यांच्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही, तरीही हे सांगितलेच पाहिजे की वडिलांना जे थोडेफार जमते ते आपण करून टाकले की मेंदूला ते शिकण्याचे कारणच उरत नाही. चमच्याच्या दांड्याभोवती जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून तो अंगठ्याहून जाड करा, वाटी सरकू नये म्हणून खाली ओला रुमाल अंथरा आणि उजव्या हाताला खालून नुसता आधार द्या. पहिले चार घास त्यांनी स्वतः घ्यावेत, थकल्यावर बाकीचे आईंनी भरवावेत. वरण अंगावर सांडेल, जेवणाला पाऊण तास लागेल. तो वेळ व्यायामाचाच धरा. मात्र जेवताना ते ताठ बसलेले असावेत, आणि पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर, घशात पाणी अडकल्यासारखा येत असेल तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या. शर्ट घालताना आधी उजवी बाही आणि काढताना उजवी शेवटी, एवढा नियम पाळला की निम्मे काम तेच करू शकतील. त्यांना उठवताना उजवा हात कधीही ओढू नका, काखेत हात घालूनही उचलू नका. लुळ्या हाताचा खांदा बरेचदा सांध्यातून खाली सरकलेला असतो आणि एकदा दुखू लागला की महिनोन्‌महिने सारा व्यायाम अडवतो. बसलेले असताना तो हात उशीवर ठेवा.

आता ‘नको’विषयी. या अवस्थेला वाचाघात म्हणतात. त्यात शब्द सापडत नाहीत, बुद्धी मात्र जात नाही, आणि बोलता येते त्यापेक्षा समजते बहुधा पुष्कळ जास्त. ‘नको’ म्हणून ते हात पुढे करत असतील तर हातावर विश्वास ठेवा. टीव्ही बंद करून समोर बसा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, चहाचा कप आणि पाण्याचा तांब्या दोन्ही समोर धरा, आणि मग मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. त्यांचे वाक्य आपण पुरे करण्याचा मोह घरातल्या सर्वांनीच आवरावा. ते शिक्षक होते, तेव्हा एकदा ‘बे एके बे, बे दुणे’ म्हणून थांबून पाहा. ज्यांना ‘पाणी’ म्हणता येत नाही अशा कित्येकांच्या तोंडून पाढे, वार किंवा आरती सरळ येते, कारण घोकून अंगवळणी पडलेले बोलणे मेंदू निराळ्या वाटेने काढतो. तेथून रोजच्या शब्दांकडे कसे न्यायचे हे वाचा-उपचारतज्ज्ञ शिकवतील. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत हे उपचार मिळतात. पुण्यातही असे तज्ज्ञ आहेत, आणि तुम्ही तेथेच असल्याने ही चौकशी तुम्हीच करावी.

रडण्याची दोन कारणे असू शकतात. रडू एकाएकी, कारणाशिवाय येत असेल आणि विषय बदलताच थांबत असेल, तर भावनांवरचा मेंदूचा ताबा सैल झालेला असतो. पण भूक आणि झोप गेली असेल, व्यायामाला तोंड फिरवत असतील, तर ते नैराश्य असू शकते. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना ते गाठते. दोन्हींवर औषधे आहेत, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे आठवणीने सांगा.

रक्त पातळ ठेवणारी आणि रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नये. रक्तदाब साधारणपणे १३०/८० च्या खाली राहावा. तोंड नव्याने वाकडे झाले, हात-पाय एकाएकी जास्त लुळा पडला किंवा त्यांना दिसेनासे झाले, तर वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. ते प्रत्येकाला चालतेच असे नाही, पण उशीर झाला तर विचारही करता येत नाही.

शनिवारी घरी गेल्यावर रात्रीची पाळी तुम्ही घ्या आणि आईंना दुसऱ्या खोलीत, दार लोटून झोपू द्या. आणि त्यांचा स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, हे त्यांना विचारा.