कोळशापासून कार्बन डॉट्स: पहिल्या बॅचआधी

कार्बन डॉट्ससाठी, म्हणजे चमकणाऱ्या कार्बनच्या नॅनोकणांसाठी, कोळसा निवडलास, छान केलंस! 2013 मध्ये राइस विद्यापीठात नायट्रिक-सल्फ्युरिक आम्लात कोळसा तापवूनच ग्राफीन क्वांटम डॉट्स (कार्बन डॉट्सचाच एक प्रकार) बनवले होते. फ्यूम हूडशिवाय (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय) मात्र हात लावू नकोस.

सगळ्यात जास्त वेळ डायलिसिसला दे, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीतून आम्ल आणि लहान रेणू बाहेरच्या पाण्यात निघून जाऊ देण्याला. नवखे इथेच घाई करतात. यूव्ही दिव्याखाली निळं चमकलं की डॉट्स झाले असं वाटतं, पण ती चमक सुट्या लहान रेणूंचीही असू शकते. पिशवीबाहेरचं पाणीसुद्धा दिव्याखाली बघ. त्याची चमक जाईपर्यंत बदलत राहा. शिवाय पुढे डॉट्स पेशींत घातले की उरलेलं आम्ल पेशी मारतं आणि खापर डॉट्सवर फुटतं.

डॉट्स घातलेल्या पेशींचे फोटो काढण्याकडे वळताना:
- आधी एमटीटी चाचणी (किती पेशी जिवंत आहेत ते बघणारी).
- डॉट्स न घातलेल्या पेशींचा फोटो, त्याच सेटिंगवर. पेशी स्वतःही निळसर-हिरव्या चमकतात!

क्वांटम यील्डचं (शोषलेल्या प्रकाशापैकी किती चमक म्हणून परत येतो त्याचं) नंतर बघू.