जिवाणू उन्हाळ्यात का थंडावले?

प्रश्न : जुन्या सर्किट बोर्डांच्या चुऱ्यातलं तांबं जिवाणूंकडून विरघळवतो. मे महिन्यात काम ठप्प. तळाशी पिवळा गाळ. (वाचक, भुसावळ)

उत्तर : दोन दुखणी आहेत. हे काम करणारा जिवाणू, ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स, याला ३० अंश सेल्सिअस मानवतं, चाळिशीपुढे तो मान टाकतो. आणि भुसावळचा मे तुम्हाला काय सांगावा! पिंप सावलीत ठेवा, ओलं गोणपाट गुंडाळा, हवेचा पंप चालू राहू द्या.

पिवळा गाळ म्हणजे जॅरोसाइट, लोहाचा न विरघळणारा क्षार. चुरा आम्ल खातो, पीएच (आम्लतेचं माप, आम्ल घटलं की वाढतं) २.५ च्या वर चढला की लोह खाली बसतं. मग तांबं विरघळवणारं फेरिक (विरघळलेल्या लोहाचं एक रूप) उरतच नाही. सल्फ्युरिक ॲसिड थेंबाथेंबाने घालून पीएच १.८ ते २ राखा. हातमोजे, चष्मा घालाच. चुरा लिटरला १० ग्रॅमच, तोही द्रावण तांबूस झाल्यावर. खारं बोअरचं पाणी नको, त्यातलं क्लोराइड जिवाणूंना सोसत नाही.