रॉड लांब झाला, पण स्ट्रेस कुठाय?

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची गणितं सुटतात, मार्कही पडतात, पण स्ट्रेस आणि स्ट्रेनमधला फरक डोक्यात बसतच नाही. दोन्ही ‘ई’ने (यंग्ज मॉड्युलस, म्हणजे स्ट्रेस भागिले स्ट्रेन) जोडलेले, मग एक असला की दुसरा असणारच ना?

उत्तर: नाही, आणि घोळ नेमका तिथेच आहे. स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीच्या मानाने वस्तू किती ताणली किंवा आखडली, ते स्ट्रेन गेज (ताण मोजणारी छोटी पट्टी) चिकटवून मोजता येतं. स्ट्रेस म्हणजे वस्तूच्या आत दर क्षेत्रफळामागे येणारं बल; तो मात्र कुणी डोळ्यांनी बघितलेला नाही, तो हिशेबाने काढावा लागतो.

आता 10 मीटरचा स्टीलचा रॉड घे, नुसता मोकळा ठेवलेला. तापमान 30 डिग्रीने वाढलं की तो साधारण 3.6 मिलिमीटर लांब होणार. म्हणजे स्ट्रेन आहे, स्ट्रेस शून्य, कारण त्याला कुणी अडवलंच नाही. आता तोच रॉड दोन अजिबात न हलणाऱ्या भिंतींमध्ये घट्ट बसव आणि तेवढाच तापव (मध्येच बाक येत नाही असं धरू). लांबी जराही बदलली नाही, बघणाऱ्याला वाटेल काहीच झालं नाही, पण आत 72 मेगापास्कल दाबाचा स्ट्रेस तयार झालाय! साधं माइल्ड स्टील 250च्या आसपास यील्ड होतं (त्यापुढे लोड काढला तरी मूळ आकारात पूर्ण परतत नाही), म्हणजे वर काही वजन न ठेवताच पाव ताकद खर्ची पडली. पुलाच्या एक्स्पान्शन जॉइंटमध्ये फट सोडतात ती याचसाठी.

‘ई’ खोटा नाहीये, पण त्यात जो स्ट्रेन टाकायचा तो अडवलेला भाग, दिसणारा नाही. शिकवताना रबरबँड ताणून दाखवतात ते मला फारसं पटत नाही, कारण स्टील मीटरमागे सव्वा मिलिमीटर ताणलं की यील्डला पोचतं, आणि एवढंसं डोळ्याला कुठे कळतंय.

पेपर क्लिपची तार जराशी वाकवून सोड, सरळ होते. जास्त वाकवून सोड, हात काढला तरी वाकडीच राहते. बाहेरचा लोड गेला, स्ट्रेन राहिला, इथे तर ‘ई’चं सरळ गणितही चालत नाही.

म्हणून गणित हातात आलं की फॉर्म्युल्याआधी बघ, वस्तू मोकळी आहे की अडकलेली. वरच्याच रॉडला एका टोकाशी 1 मिलिमीटर फट ठेवून पुन्हा सोडव, 52 मेगापास्कल यायला पाहिजेत.