व्हॅनिला-चॉकलेटच्या पुढचे कपकेक: चव बॅटरमध्ये, पोटात की डोक्यावर?

व्हॅनिला-चॉकलेट सोडून आपल्या चवींचे कपकेक घरी नीट कसे जमवायचे, या तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. रविवारी डोकं शांत करायला कपकेक करता, पण आमरस घातला तर चवच लागत नाही. गुलकंद घातला तर कपकेक मधे बसतो. आणि दादरच्या घरात पंख्याखाली क्रीम वितळतं. तिन्हींचं मूळ एकच आहे: प्रत्येक नव्या चवीसाठी तुम्ही नवी रेसिपी शोधताय आणि चव दर वेळी बॅटरमध्येच, म्हणजे केकच्या कच्च्या मिश्रणातच, ओतताय. एक बेस, म्हणजे साध्या कपकेकची मूळ रेसिपी, पक्का करा, तो हात बसेपर्यंत बदलू नका. मग फक्त एवढंच ठरवायचं की ही चव बॅटरमध्ये जाईल, भाजून झाल्यावर कपकेकच्या पोटात, की वरच्या फ्रॉस्टिंगमध्ये.

बेस बिनअंड्याचा आणि तेलाचा सांगतो. बटरचा केक चवीला सरस, पण फ्रिजमध्ये घट्ट होतो आणि मुंबईत फ्रॉस्टिंग केलेला कपकेक फ्रिजमध्ये ठेवावाच लागतो. तेलाचा केक थंड असतानाही मऊ राहतो. १२ कपकेकचं माप: मैदा १५० ग्रॅम, दळलेली साखर १३० ग्रॅम, दही १५० ग्रॅम, दूध ४० मिली, वास नसलेलं तेल ७५ मिली, बेकिंग पावडर १ लहान चमचा, खायचा सोडा पाव लहान चमचा, मीठ दोन चिमटी, व्हॅनिला १ लहान चमचा. लहान चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा, चहाचा नव्हे. ग्रॅमचा काटा नसेल तर आधी तो घ्या. वाटीच्या मापाने मैदा भरताना दाबला की २०-२५ ग्रॅम सहज जास्त पडतो आणि मग कपकेक कोरडा झाला म्हणून दोष ओव्हनला जातो.

साखर दळूनच घ्या. आपली साखर दाणेदार, ती या बॅटरमध्ये पूर्ण विरघळत नाही आणि भाजल्यावर वर तपकिरी ठिपके दिसतात. दही साधं, फार आंबट नको आणि बांधलेलंही नको. दही आणि साखर एकजीव फेटा, मग तेल, दूध, व्हॅनिला. मैदा, पावडर, सोडा, मीठ दोनदा चाळून त्यात घाला आणि स्पॅच्युलाने उलथवत मिसळा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. मुगाएवढ्या दोन-चार गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, त्या भाजताना जातात. घोटत बसलात तर मैद्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं, म्हणजे ग्लुटेन, तयार होतं. मग कपकेकला टोक येतं, कापल्यावर आत उभे बोगदे दिसतात आणि खाताना चिवट लागतो.

ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) १८० अंशांवर १५ मिनिटं तापवा, वर-खाली दोन्ही रॉड सुरू. ट्रे मधल्या खाचेत ठेवला की १७० करा. प्रत्येक लायनरमध्ये (कपकेकच्या कागदी वाटीत) ४५ ग्रॅम बॅटर, म्हणजे दोन तृतीयांश. १८ ते २० मिनिटं, आणि पहिली १४ मिनिटं दार अजिबात उघडायचं नाही. टूथपिक स्वच्छ निघाली आणि वर बोट टेकवल्यावर पृष्ठभाग उसळून आला की झालं. ओटीजीच्या बटणावरचे आकडे फार मनावर घेऊ नका, आतलं तापमान २०-२५ अंश इकडेतिकडे असू शकतं. आत टांगायचा ओव्हन थर्मामीटर स्वस्त मिळतो आणि दहा नव्या रेसिप्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. कपकेकला ज्वालामुखीसारखं टोक येऊन तडा जात असेल तर तापमान जास्त आहे. वर सपाट आणि फिकट राहत असेल तर कमी.

छोट्या ओटीजीत सहाचाच ट्रे मावतो. उरलेलं अर्धं बॅटर ओट्यावर वीस मिनिटं ठेवलं की सोड्याचा वायू निघून जातो आणि दुसरी खेप बसकी होते. म्हणून कोरडं आणि ओलं साहित्य आधीच अर्धं-अर्धं वेगळं ठेवा. पहिला ट्रे बाहेर आला की दुसरं बॅटर मिसळा. बाहेर काढलेले कपकेक ट्रेमध्ये पाच मिनिटंच ठेवायचे, मग लगेच जाळीवर. गरम ट्रेमध्ये खालून वाफ धरते आणि कागद केकपासून सुटतो. पावसाळ्यात हे जास्तच होतं.

आता चवी. नियम असा: उष्णता सोसणाऱ्या चवी बॅटरमध्ये, नाजूक सुगंधाच्या चवी वर, आणि जड-ओल्या चवी पोटात.

वेलची, जायफळ, सुंठ, दालचिनी, कॉफी, कोको, भाजलेले तीळ, सुकं खोबरं हे बॅटरमध्ये छान टिकतं. मसाला चहाचा कपकेक करायचा तर ८० मिली दुधात २ लहान चमचे चहाची पूड उकळा, गाळून त्यातलं ४० मिली मोजून घ्या (कमी पडलं तर साधं दूध घालून पुरं करा) आणि पूर्ण गार करून बेसमधल्या दुधाऐवजी वापरा. सोबत अर्धा लहान चमचा चहाचा मसाला मैद्यात. आलं किसून थंड दुधात घालून तापवलं तर दूध फाटू शकतं, आल्यातलं एन्झाइम दुधाच्या प्रथिनांवर काम करतं. उकळी आल्यावर घाला, नाहीतर सरळ सुंठ घ्या. तिळगुळासाठी २० ग्रॅम मैदा कमी करून ३० ग्रॅम भाजलेल्या तिळाची भरड घाला. साखरेऐवजी तेवढाच चिरलेला गूळ घ्यायचा, पण तो दुधात नको, ४० मिली कोमट पाण्यात विरघळवून गाळून गार करा. गुळाने दूध फाटतं हे गुळाची खीर करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गुळाचा कपकेक वरून लवकर काळवंडतो, तेव्हा १७० ऐवजी १६५ वर ठेवा.

हापूस बॅटरमध्ये वाया जातो. त्याचा सुगंध उष्णतेने उडतो आणि मागे उरतो तो पिवळा, थोडा गच्च, गोड केक. बॅटरमध्ये घालायचीच तर वेलची घाला, आंबा वर आणि पोटात. २०० ग्रॅम रस नॉनस्टिक पॅनमध्ये मंद आचेवर १०० ग्रॅम होईपर्यंत आटवा, ढवळत राहा. आटवताना थोडा सुगंध जातोच, म्हणून गार झाल्यावर दोन चमचे ताजा रस मिसळा. डब्यातल्या रसात बहुधा साखर असते, तेव्हा फ्रॉस्टिंगमधली साखर कमी करा.

कोकम आणि जांभूळ यांच्याबाबत वेगळीच गंमत होते. त्यांचा सुरेख रंग आंबटपणावर टिकलेला असतो. सोड्याच्या संगतीत तो निळसर-राखाडी होतो आणि केक शिळा वाटतो. ही फळं पोटातच घाला. १०० मिली अमृत कोकमात १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थंडच मिसळा, मग दोन मिनिटं उकळवून घट्ट करा. आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं. कोकमाची जोडी डार्क चॉकलेटशी फार चांगली जमते. सगळ्या देशी प्रयोगांमध्ये एकच करायचा असेल तर माझं मत याला.

विड्याच्या पानाचंही असंच. पान वाटून बॅटरमध्ये घातलं की दह्याच्या आंबटपणाने आणि उष्णतेने हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. लोक मग हिरवा रंग ओततात आणि त्याची चव जिभेवर राहते. दोन पानं शिरा काढून, बारीक वाटून, गाळून फ्रॉस्टिंगमध्ये घाला. गुलकंद पोटात.

तुमचा कपकेक मधे बसत होता तो गुलकंदामुळेच. साखरेचा जड गोळा पातळ बॅटरमधून तळाशी जातो, त्याच्याभोवतीचं बॅटर नीट शिजत नाही आणि गार होताना मधला भाग खाली येतो. पुरण, जॅम, मोदकाचं सारण यांचीही तीच गत. कपकेक पूर्ण गार झाल्यावर मधोमध लहान सुरीने २ सेंटिमीटर खोल शंकू काढा, ८-१० ग्रॅम सारण भरा आणि शंकूचं टोक कापून तो झाकणासारखा परत बसवा. ओल्या नारळाचं सारण मुंबईच्या हवेत लवकर आंबतं. ते कोरडं होईपर्यंत परता आणि कपकेक त्याच दिवशी संपवा. पुरण भरणार असाल तर बेसमधल्या तेलापैकी २५ मिलीऐवजी साजूक तूप घ्या, बाकी काही बदलू नका. पोटात काहीच नसतानाही कपकेक बसत असेल तर कारणं दुसरी: दार लवकर उघडलं, सोडा जास्त पडला, किंवा दोन मिनिटं आधी बाहेर काढला.

जाता जाता, इराण्याकडचा मावा केक म्हणजे कागदातला कपकेकच की. त्याची चव हवी तर ६० ग्रॅम मावा किसून दह्या-साखरेत फेटा, तेल ५५ मिलीवर आणा आणि पाऊण लहान चमचा ताजी वेलची पूड घाला. फ्रॉस्टिंगची गरज नाही.

फ्रॉस्टिंगचं गणित साधं आहे. लोणी ३२-३५ अंशांना वितळतं आणि मे महिन्यात आपलं स्वयंपाकघर तिथेच असतं. नुसतं बटरक्रीम एसी खोलीत टिकेल, बाहेर नाही. करायचंच असेल तर बिनमिठाचं बटर १५० ग्रॅम आणि आयसिंग शुगर २५० ग्रॅम. ब्रेडला लावायचं पिवळं खारं बटर नको. डब्यातलं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही, फॅट कमी पडतं. ते गनाशसाठी, म्हणजे क्रीम-चॉकलेटच्या घट्ट मिश्रणासाठी, वापरा: क्रीमच्या कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवलेलं १०० ग्रॅम, त्यात २०० ग्रॅम बारीक चिरलेलं डार्क चॉकलेट, दोन मिनिटं झाकून मग मधून बाहेर ढवळत नेणं. लोकलने ऑफिसला न्यायचे कपकेक असतील तर हेच, दुसरं काही नको.

आपल्या चवींसाठी मात्र चक्का उत्तम. दादर-गिरगावात डेअरीत मिळतो, घरी करायचा तर दही रात्रभर फ्रिजमध्येच बांधून ठेवा. २५० ग्रॅम चक्का बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, गाळणीतून घासा. ४० ग्रॅम आयसिंग शुगर आणि १०० ग्रॅम वितळवून कोमट झालेलं व्हाइट चॉकलेट घालून हलक्या हाताने मिसळा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग पायपिंग बॅगमध्ये भरा. चक्का थंडगार असेल तर चॉकलेटचे कण गोठून रवाळ होतं. साखर जास्त घातली की श्रीखंडासारखंच सैल पडतं, घट्टपणा चॉकलेटमधल्या कोको बटरमुळे येतो. यात आटवलेला आंबा ६० ग्रॅम, किंवा केशर-वेलची, किंवा पानाचा रस. हे थंडच खाल्लं जातं आणि थंड पदार्थात गोडी-सुगंध कमी जाणवतो, म्हणून चाखताना किंचित जास्त वाटेल इतकी चव ठेवा.

टिकण्याबद्दल: नुसते कपकेक डब्यात बाहेर दीड दिवस, जुलै-ऑगस्टमध्ये एकच. दमट हवेत वरची कड चिकट होते, तो बिघाड नाही. फ्रीझरमध्ये घट्ट डब्यात महिनाभर छान राहतात. त्यामुळे एका रविवारी फक्त भाजायचं आणि पुढच्या रविवारी फक्त सजवायचं असं करता येतं. दोन्ही एकाच दुपारी रेटलं की छंदाचं काम होतं. चक्क्याचं फ्रॉस्टिंग लावलेले फ्रिजमध्ये दोन दिवस.

लायनर आणि नोझल क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास सुटे मिळतात. फार पातळ कागदाचे घेऊ नका, तेल बाहेर झिरपतं आणि ट्रेविना ते फाकतात. ओटीजी १५०० वॉटच्या आसपास असेल तर तो साडेसहा अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका, गीझर-एसीचा १६ अँपिअरचाच पॉइंट हवा. जुन्या बिल्डिंगमध्ये वायरिंगही एकदा इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या.