पाना हाती आहेच, बायोलॉजी सोडू नकोस

प्रश्न: मी मिरजेत अकरावी सायन्सला आहे. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे ओव्हरहॉलिंगपर्यंतची कामं मला येतात. आत्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याच्यासाठी आम्ही जुनी सायकल तीनचाकी केली, पण पट्टा कितीही आवळला तरी त्याचा पाय पायडलवर ठरत नाही, थडथड उडतो. दिव्यांगांना सायकलिंगमधून थेरपी देणं हे करिअर होऊ शकतं का? गणित चांगलं जातं, म्हणून बायोलॉजी सोडून द्यावी असं वाटतंय.

उत्तर: बायोलॉजी सोडू नकोस. का, ते तुझ्या त्या पायडलवरूनच सांगते.

स्पास्टिक, म्हणजे स्नायू ताठरलेल्या पायात चवड्यावर दाब आला की पोटरी ताणली जाते आणि घोटा लयीत उडायला लागतो. याला क्लोनस म्हणतात. आवळलेला पट्टा पाय पायडलवर धरून ठेवतो, पण दाब चवड्यावरच राहतो, म्हणून थडथड थांबत नाही. पाय पुढे सरकवून पायडल तळव्याच्या मध्याखाली किंवा टाचेकडे आण, टाचेला मागून आधार दे, आणि सुरुवातीला पायडल सावकाश फिरवायला सांग. झटक्याने फिरवलं की ताठरपणा वाढतो.

दुसरं, त्याचा गुडघा किती वाकतो ते थेरपिस्टकडून मोजून घे. नेहमीच्या 170 मिमी क्रँकवर (पायडल ज्या दांड्याला लागतं तो) पूर्ण फेरा मारायला गुडघा साधारण 110 अंश वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर पायडल वर आलं की कंबर उचलली जाते आणि तोल जातो. क्रँक 150 मिमीचा केलास की पायडल वरच्या टोकाला 20 मिमी खाली राहतं. खालच्या टोकालाही ते 20 मिमी वर येतं, म्हणून सीट तेवढीच वर घ्यायची. एकूण 40 मिमीची सवलत मिळते. खाली पाय लांब झाल्यावरही गुडघ्यात 25 ते 30 अंशांचा बाक राहिला पाहिजे. जुना क्रँक कापून वेल्डिंग मात्र करू नका, जोड तिथेच तुटतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे तुला सांगायला नको.

यातला निम्मा भाग दुकानात शिकता येतो, निम्मा शरीरशास्त्राच्या वर्गात. आणि शरीरशास्त्राचं अज्ञान कधीकधी जिवावर बेततं. मणक्याला टी-6 (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर इजा झालेला माणूस हँडसायकल, म्हणजे हाताने फिरवायची सायकल, चालवताना म्हणाला, डोकं फुटतंय, चेहराही लाल झालाय, तर नुसतं पाणी देऊन भागत नाही. लघवीसाठी बसवलेली नळी मुडपली असेल किंवा पट्टा घट्ट झाला असेल, तरी त्याचा रक्तदाब धोकादायक वाढतो. ताबडतोब ताठ बसवायचं, पट्टे सैल करायचे, नळी पाहायची आणि डॉक्टर गाठायचा.

आता करिअर. भारतात 'रिक्रिएशनल थेरपिस्ट' (खेळ-छंदांतून थेरपी देणारा) अशी वेगळी पदवी आणि परवाना नाही. अमेरिकेत आहे: तिथे सीटीआरएस (सर्टिफाइड थेरप्युटिक रिक्रिएशन स्पेशालिस्ट) प्रमाणपत्रासाठी पदवीसोबत 560 तासांची इंटर्नशिप लागते. इथे पुनर्वसनातली मान्य पदवी घ्यायची आणि सायकल हे आपलं खास क्षेत्र करायचं. तुझ्यासाठी मी ऑक्युपेशनल थेरपी पहिली ठेवीन. माणसाला जे करायचंय ते त्याला करता यावं म्हणून साधन आणि जागा बदलणं, हाच त्या विषयाचा गाभा. महाराष्ट्रात प्रवेश नीटमधून होतो, बायोलॉजी अनिवार्य आहे, चार वर्षांच्या शिक्षणानंतर इंटर्नशिप असते. देशातली पहिली शाळा 1950 साली कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएममध्ये सुरू केली. सायन, नायर आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा अभ्यासक्रम आहे.

हाताचं काम जास्त आवडत असेल तर प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बनवणं, बघ. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था, कटक आणि कोलकाता इथे हा अभ्यासक्रम आहे. काही ठिकाणी याला बायोलॉजीऐवजी गणितही चालतं. फिजिओथेरपीत जागा भरपूर, स्पर्धाही भरपूर.

'सायकल थेरपिस्ट हवा' अशी जाहिरात तुला दिसणार नाही, हे घरी स्पष्ट सांग. पगार रुग्णालय, विशेष शाळा किंवा पुनर्वसन केंद्राचा. सायकलचा गट शनिवार-रविवारी आपण उभा करायचा. गावोगावी दिसणारी, अॅलिम्को या सरकारी कंपनीची हाताने फिरवायची तीनचाकी बाजारात, ऑफिसात पोचवते. पण गंमत म्हणून चार किलोमीटर फिरून यायचं साधन आपल्याकडे फारसं कोणी बनवत नाही. तुझ्या पान्याला काम तिथे आहे. स्पर्धेचा रस्ताही आता उघडलाय: 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये अर्शद शेख आणि भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया सायकलिंगला उतरले होते. पण स्पर्धा आणि थेरपी यांची गल्लत करू नकोस. थेरपीत किती, कुठे आणि कोणाबरोबर चालवायचं, हे चालवणारा ठरवतो.

सुट्टीत पुण्यातल्या अॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशनकडे चौकशी कर. दृष्टिहीन आणि डोळस असे दोघं मिळून टँडम, म्हणजे पुढे-मागे बसायची दोघांची सायकल, चालवतात, तिथे स्वयंसेवक लागतात. पुढे बसण्याआधी एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून मागे बस. पुढच्याने न सांगता पायडल थांबवलं किंवा खड्डा आला, की मागच्याला काय वाटतं ते कळेल. टँडमची साखळी, ब्रेक आणि स्पोक साध्या सायकलपेक्षा लवकर झिजतात, त्यामुळे तिथे पाना घेऊन जा, कोणी नको म्हणणार नाही.

विषय बदलायचा अर्ज कॉलेजात दिला असशील तर या आठवड्यात मागे घे.