खुराडे जुलैसाठी बांधा

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. परसात आठ कोंबड्या आहेत, पाच ग्रामप्रिया आणि तीन गावठी. दिवाळीपासून रोज पाच-सहा अंडी मिळत होती. मिरगाचा पाऊस लागला आणि आता एक, फार तर दोन. पावसाची झड आत येते म्हणून खुराड्याला तिन्ही बाजूंनी प्लास्टिक बांधले आहे. खायला भात, पावाचे तुकडे आणि कोंडा घालतो. एक गावठी कोंबडी घरट्यातून उठतच नाही, हात नेला की टोचते. शेजारी म्हणतात, विकून टाका आणि नव्या आणा. काय करावे?

उत्तर: विकू नका. दिवाळीला अंड्यावर आल्या, तेव्हा तुमच्या कोंबड्या अजून दीड वर्षाच्याही नसाव्यात, म्हणजे ऐन भरातल्या आहेत. नव्या आणून त्याच खुराड्यात ठेवल्या तर पुढच्या जुलैत तुम्ही मला हेच पत्र लिहाल.

आधी एक काम करा. उद्या पहाटे दार उघडण्यापूर्वी खुराड्यापाशी उकिडवे बसा आणि नाक कोंबडीच्या उंचीवर न्या. डोळ्यांत चुरचुरले, नाकाला झोंबले, तर दोष कोंबडीचा नाही. ओल्या शिटेतून अमोनिया सुटतो आणि प्लास्टिकमुळे तो आतच कोंडतो. आपण उभ्याने डोकावतो म्हणून आपल्याला तो फारसा जाणवत नाही, ती बिचारी मात्र रात्रभर त्यातच श्वास घेते. डोळे सुजतात, घशात घरघर लागते, खाणे कमी होते आणि अंडे थांबते.

मी सत्तरी तालुक्यात राहते. आमच्याकडचा पाऊस तुम्हांला माहीतच आहे. पहिले खुराडे मी जानेवारीत बांधले होते, कोरड्या जमिनीवर, सुंदर दिसेल असे. पहिल्याच पावसात खालून पाणी झिरपले आणि तुसाचा चिखल झाला. दुसरे बांधले ते जुलै डोळ्यांसमोर ठेवून, आणि ते आजही उभे आहे. चिऱ्याच्या दोन फूट उंच खांबांवर सहा बाय चार फुटांची चौकट आहे. जमीन पोफळीच्या रिपांची, मधे बोटभर फट, म्हणजे शीट खाली पडते आणि वरचा भाग कोरडा राहतो. आठ कोंबड्यांना एवढी जागा पुरते. छपराचे पत्रे चहूकडे अडीच फूट बाहेर काढले आहेत. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून ती बाजू पूर्ण बंद, आणि पूर्वेची भिंत वरून खालपर्यंत जाळीची. वारा खेळतो, उजेड येतो, झड येत नाही.

तुम्हांला लगेच नवे बांधायला नको. पूर्वेकडचे प्लास्टिक आजच काढा. बाकीच्या दोन बाजूंचे वरून वीतभर खाली सरकवा, म्हणजे गरम, घाण हवा वरून निघून जाईल. छपराला पुढे पत्रा किंवा चुडतांची झाप जोडून झड अडवा. आतली ओली गादी सगळी काढून माडाच्या आळ्यात टाका (खोडाला चिकटवून नको, ताजी शीट तेज असते). नवे तूस चार बोटे जाड पसरा, त्यात थोडी चुन्याची भुकटी मिसळा आणि रोज सकाळी दाताळ्याने उलटेपालटे करा. मूठभर तूस दाबून सोडले की ते भुरभुरले पाहिजे. गोळा झाला तर ओल आहे. कोवळ्या पिल्लांना याच ओलीतून रक्ती हगवण लागते, तेव्हा पुढे कधी पिल्ले आणाल तर त्यांच्याखालची गादी आणखी जपा.

आता खाणे. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाद्य लागते आणि त्यात 16 ते 18 टक्के प्रथिने हवीत. भात, पाव, कोंडा यांनी पोट भरते, पण अंडे बनवायला लागणारे त्यात फार थोडे असते. उन्हाळ्यात त्या दिवसभर बाहेर हिंडून वाळवी, किडे, गवत वेचतात आणि ही तूट स्वतःच भरून काढतात. पावसात त्या पंख मिटून छपराखाली उभ्या राहतात, म्हणून तुमची अंडी नेमकी मिरगापासून घटली. तेव्हा आठ जणींना मिळून रोज किलोभर लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचे तयार खाद्य) द्या. उरलेला भात मूठ-दोन मुठी, तोही संध्याकाळी.

पण पोते भरून आणू नका. पावसात पंधरा दिवसांचेच खाद्य घ्या आणि झाकणाच्या डब्यात, फळीवर ठेवा. गुठळ्या झालेले, कुबट वासाचे खाद्य फेकून द्या. बुरशीचे विष ऊन दाखवून किंवा धुऊन जात नाही, ते यकृतावर बसते. मका आणि शेंगदाण्याची पेंड याला लवकर बळी पडतात. वाईट वाटते फेकताना, मलाही वाटते, तरी फेका.

घरट्यात बसून राहिलेली ती गावठी खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे, आजारी नाही. अंगाखाली फलित अंडी ठेवली तर एकविसाव्या दिवशी पिल्ले देईल, आणि तिच्याइतकी चांगली आई कुठलेही यंत्र होत नाही. पिल्ले नको असतील तर तिला तळाला जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाण्यासकट तीन-चार दिवस ठेवा. पोटाखाली गार हवा लागली की खुडूकपण उतरते. पुन्हा अंड्यावर यायला आणखी दोनेक आठवडे धरा. तिला पाण्यात बुडवायला कोणी सांगेल. तसे मुळीच करू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. राणीखेत रोगाची लस दिली आहे का? एका वर्षी घरात लग्न होते आणि मी लस पुढे ढकलली. ऑगस्टमध्ये एका कोंबडीला हिरवी हगवण लागली, दुसऱ्या दिवशी दुसरीची मान पिळवटली. आठवड्यात चौदांपैकी अकरा गेल्या. या रोगावर औषध नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लसीचे टोचण, हा क्रम. लसीची कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून एकट्या घराला ती घेणे जड वाटते. आम्ही वाड्यावरची सात घरे एक दिवस ठरवतो. कुपी बर्फात घालून आणतो आणि घरोघर फिरून सकाळी नऊच्या आत उरकतो. तुमच्या तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तारीख ठरवा. तेव्हाच देवीच्या लसीचेही विचारा. तुऱ्यावर काळ्या खपल्या येतात ती देवी, आणि पावसात डास ती पसरवतात.

हे सगळे केलेत तरी उद्याच अंडी वाढणार नाहीत. तीन-चार आठवडे धीर धरा. चवथीनंतर पिसे झडू लागली तर घाबरू नका, ती कात टाकण्याची पाळी असते. तेव्हा दोन-तीन महिने अंडी थांबतात, पण खाद्य थांबवायचे नसते.

प्रश्न: आम्ही पेडण्याला किनाऱ्याजवळ. एप्रिलपासून अंड्यांची कवचे कागदासारखी पातळ आहेत. काही घरट्यातच फुटतात आणि आता कोंबड्या ती खायला लागल्या आहेत. सुक्या मासळीची डोकी भरपूर घालते, तरी असे का?

उत्तर: कोंबडीला धापा टाकताना पाहिले असेल ना तुम्ही? चोच उघडी, पंख अंगापासून दूर. उकाड्यात ती अशी धापते तेव्हा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट रक्तात कमी पडते. शिवाय तेव्हा ती खातेही कमी. म्हणून एप्रिल-मेमध्ये कवच पातळ होते. सावलीत मातीच्या भांड्यात गार पाणी ठेवा, दिवसातून तीनदा बदला, आणि खाद्य पहाटे व सूर्यास्ताला द्या.

तुमच्याकडे औषध तर घरातच आहे. तिसऱ्यांच्या, खुब्यांच्या शिंपल्या टाकून देता ना? त्या धुऊन चुलीवर भाजा आणि तांदळाच्या कण्यांएवढ्या कुटा. पीठ करू नका, मोठे कण पोटात सावकाश विरघळतात. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातला बराच भाग रात्री बनतो, म्हणून ही भरड संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवा. खाद्यात कालवू नका. जिला हवे ती हवे तेवढे खाते, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे.

सुक्या मासळीची डोकी मात्र बंद करा. त्यातले मीठ कोंबडीला विषासारखे ठरते, आणि मासळी जास्त झाली की अंड्यालाही वास येतो. ताज्या सुंगटांची (कोळंबीची) टरफले उकडून, वाळवून, आठवड्यात दोनदा ओंजळभर घातली तर चालेल.

अंडी खाण्याची सवय लागली की सुटायला वेळ लागतो. घरट्यावर गोणपाटाचा पडदा टाका, आत अंधार असला की त्या टोचत नाहीत. सकाळी दोनदा अंडी उचला. चार-पाच कोंबड्यांना एक घरटे असावे, नाहीतर एकीच्या अंड्यावर दुसरी चढते आणि तिथूनच फुटणे सुरू होते.

प्रश्न: श्रावणात आमच्या घरी अंडे शिजत नाही. कोंबड्या तर घालतच राहतात. कोंबडा नसल्यामुळे या अंड्यांत जीव नसतो म्हणतात, ते खरे का? आणि महिनाभर ती टिकवायची कशी? (फोंडा)

उत्तर: खरे आहे. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडे घालते, पण त्यातून पिल्लू कधीच होत नाही. म्हणून ते श्रावणात चालावे की नाही, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे. माझ्या सासूबाईंना चालत नसे, म्हणून मलाही चालत नाही.

टिकवायची असतील तर धुऊ नका. ताज्या अंड्यावर एक पातळ साय असते, ती कवचाची छिद्रे बुजवते. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. निमुळते टोक खाली करून फ्रिजमध्ये ठेवा, महिनाभर आरामात राहतात. शंका आली तर पाण्यात सोडून पाहा. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते. तरंगले तर टाकून द्या.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घाला. आमची श्रावणातली अंडी शेजारच्या ख्रिस्ती घरी जातात, दर शनिवारी बारा. त्यांची आजी तारीख वाचून आधी जुने उचलते.